मदतीसाठी चालणाऱ्यांवर किमान रकमेची अट कशाला?

एखाद्या कामाच्या मदतीसाठी वॉकेथॉन, म्हणजे निधी जमवण्यासाठीची पदयात्रा, निघाली की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘एवढं चालण्यापेक्षा सरळ पैसे का नाही देत?’ विचारणारा बहुधा हुशार असतो आणि त्याचा हिशेब चुकीचाही नसतो. वीस किलोमीटर चालल्याने एकाही रुग्णाचा ताप उतरत नाही. उलट रस्त्यावर बंदोबस्त लागतो, पाणी लागतं, रुग्णवाहिका उभी करावी लागते, आणि शेकडो माणसं सकाळी जिथून निघाली तिथेच दुपारी दमून परत येतात. तेवढ्या वेळात त्यांनी आपापलं काम केलं असतं आणि ती कमाई दिली असती तर, वगैरे.

या हिशेबात एक गोष्ट राहून जाते. चालणाऱ्याने स्वतःच्या खिशातून द्यावं म्हणून हा खटाटोप नसतोच, त्याने दहा जणांकडे मागावं म्हणून असतो. संस्थेचं पत्र आलं तर माणूस ते न उघडता बाजूला ठेवतो. पण शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, ‘रविवारी वीस किलोमीटर चालतेय, माझ्या नावावर काहीतरी लाव ना,’ तर त्याला नाही म्हणता येत नाही. त्या संस्थेबद्दल त्याला काडीची माहिती नसते. तो तिला ओळखतो आणि तिच्या शब्दावर देतो. संस्थेला जिथे कधी शिरकाव मिळाला नसता अशा घरांत आणि कचेऱ्यांत स्वयंसेवक आपली पत घेऊन जातो. ती पत तो संस्थेला फुकट वापरू देतो. पाय दुखतात ते वेगळंच.

मागणं ही मुळात अवघड गोष्ट आहे. स्वतःसाठी मागताना मान खाली जाते, आणि दुसऱ्यासाठी मागायला गेलं तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर ‘आला पावतीपुस्तक घेऊन’ असं लिहिलेलं दिसतं. चालण्यामुळे ही अडचण सुटते. ‘मी माझा रविवार आणि माझे पाय घालतोय, तुम्ही तुमच्या परीने भर घाला’ असं म्हणता येतं, आणि मागणारा व देणारा एका पातळीवर येतात. या पदयात्रांमध्ये जपण्यासारखं जे काही आहे ते हे मागणं आहे, असं माझं मत आहे. आणि आज बऱ्याच ठिकाणी आयोजक, प्रत्येक चालणाऱ्याने अमुक इतका निधी जमवलाच पाहिजे अशी किमान रकमेची अट घालून नेमकं तेच नासवतायत.

ही पद्धत फार जुनी नाही. १९६७ साली कॅनडाच्या शताब्दी वर्षात ‘माइल्स फॉर मिलियन्स’ नावाच्या लांबलचक पदयात्रा निघाल्या. १९६९ साली अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातल्या बिस्मार्कमध्ये भुकेल्यांसाठी ‘क्रॉप वॉक’ झाली. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पोलिओविरुद्ध १९३८ साली उभी केलेली आणि पुढे ‘मार्च ऑफ डाइम्स’ या नावाने ओळखली जाणारी संस्था १९७० पासून ‘वॉकअमेरिका’ भरवू लागली. चालणाऱ्यांत शाळा-कॉलेजातली मुलं भरपूर असत. त्यांच्या हातात एक कार्ड असायचं आणि त्यावर रकाने: नाव, पत्ता, मैलामागे किती. कुणी पाच सेंट लिहायचं, कुणी पंचवीस, आणि पोरगं चार मैलांच्या पुढे काही टिकत नाही असा अंदाज बांधून एखादा उदार गृहस्थ बिनधास्त मोठा आकडा लिहून मोकळा व्हायचा. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर कार्डावर शिक्का पडायचा. मग पुढचा आठवडाभर तेच कार्ड दाखवत दारोदार वसुली.

म्हणजे प्रत्येक देणगीदाराकडे दोनदा जावं लागे. एकदा शब्द घ्यायला, एकदा पैसे घ्यायला. दुसऱ्या खेपेला समोरचा विचारायचाच: ‘किती चाललास रे? आणि हे पैसे जाणार कुठे?’ मुलाला उत्तर द्यावं लागे, आणि देण्यासाठी ते माहीत करून घ्यावं लागे.

आता मोबाईलवर एक पान उघडतं, रक्कम आधीच जमा होते आणि चालणारा तिसऱ्या किलोमीटरला फतकल मारून बसला तरी कुणी पैसे परत मागत नाही. वसुलीची दगदग गेली, शब्द देऊन बुडवणारेही गेले, हे चांगलंच झालं. पण ती दुसरी खेपही गेली. आणि पैसे अंतरावर अवलंबून उरले नाहीत, त्यामुळे अंतर हा देखाव्याचा भाग झाला. देखावा म्हटला की तो वाढवण्याची चढाओढ आलीच.

कष्ट दिसले की माणूस जास्त देतो, ही गोष्ट आयोजकांना अनुभवाने ठाऊक होती. क्रिस्टोफर ओलिव्होला आणि एल्डार शफीर यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ती तपासून पाहिली. लोकांपुढे पर्याय ठेवले: मदतनिधीसाठी सहल आहे किंवा पाच मैलांची दौड आहे, तुम्ही किती द्याल? सहलीत मजा, दौडीत दमछाक, तरी दौडीसाठी द्यायची तयारी जास्त निघाली. त्यातही एक मेख होती. काम माणसांच्या हालअपेष्टांशी निगडित असेल तर हा परिणाम ठळक दिसायचा, बागेसारख्या सुखाच्या गोष्टीसाठी निधी असेल तर तो ओसरायचा. दुःखासाठी दुःख सोसावं, असं कुठेतरी आपल्याला योग्य वाटतं.

हे समजलं की पुढचा मोह सरळ आहे. दहा किलोमीटर चालून कुणाला नवल वाटेनासं झालं, म्हणून पन्नास, मग शंभर, मग परदेशातला डोंगर. देणगीदाराला फोटोत दिसतो धापा टाकणारा स्वयंसेवक. त्याचं विमानाचं तिकीट आणि तंबूचं भाडं त्या देणगीतूनच गेलंय, हे दिसत नाही. याला माझा साफ विरोध आहे. डोंगर चढायची हौस असेल तर ती स्वखर्चाने भागवावी आणि मग खुशाल देणगी मागावी. दुसऱ्याच्या दानावर आपली सहल काढणं हे कितीही घाम गाळला तरी दान होत नाही.

कष्ट किलोमीटरमध्ये मोजायचे नसतात, हे २०२० च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या एका म्हाताऱ्याने दाखवून दिलं. टॉम मूर हे दुसऱ्या महायुद्धातले माजी सैनिक. शंभरी पुरी व्हायच्या आत घराच्या पंचवीस मीटर लांबीच्या अंगणात शंभर खेपा घालायच्या आणि आरोग्यसेवेच्या मदतनिधीसाठी हजार पौंड जमवायचे, असं त्यांनी ठरवलं. एकूण अंतर अडीच किलोमीटर. वॉकर धरून, कोटावर पदकं लावून ते चालले आणि महिनाअखेर, शंभराव्या वाढदिवशी, निधी तीन कोटी वीस लाख पौंडांच्या वर गेला होता. धडधाकट माणसाने ते अंतर चहा निवायच्या आत कापलं असतं. त्यांच्या नावाने नंतर निघालेल्या एका वेगळ्याच संस्थेच्या कारभारावर तिथल्या धर्मादाय आयोगाने २०२४ साली कडक ताशेरे ओढले, हेही सांगायला हवं. अंगणात जमलेल्या त्या पैशाचा त्या प्रकरणाशी संबंध नव्हता. पण देणाऱ्याने माणसावर ठेवलेला विश्वास पुढे कुणाच्याही हाती जाऊ शकतो आणि देणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आता अटीकडे वळतो. बऱ्याच मोठ्या पदयात्रांच्या नोंदणी अर्जात एक ओळ असते: सहभागी व्यक्तीने अमुक इतका निधी जमवणं बंधनकारक आहे. काही ठिकाणी तो न जमल्यास उरलेली रक्कम स्वतः भरावी लागते, काही ठिकाणी निघायच्या रांगेत उभंच राहू देत नाहीत. वाचायला ही साधी व्यवहाराची गोष्ट वाटते. तिचा अर्थ मात्र दोन माणसं समोर ठेवली की कळतो. एकाचे वर्गमित्र मोठ्या हुद्द्यांवर. तो ग्रुपवर एक निरोप टाकतो आणि संध्याकाळपर्यंत आकडा पुरा. दुसरी एका दवाखान्यात आया आहे. तिच्या ओळखीची माणसं तिच्याइतकंच कमावतात. ती तीस जणांना प्रत्यक्ष भेटते, प्रत्येकाला आजाराबद्दल सांगते, कारण तो आजार तिने रोज जवळून पाहिलाय. तीसच्या तीस जण काही ना काही देतात. आणि तरी आकडा निम्म्यावर अडतो.

संस्थेच्या वहीत पहिला यशस्वी, दुसरी अपुरी. मला विचाराल तर त्या पदयात्रेत खरं काम तिने केलं. तीस घरांत त्या आजाराचं नाव पहिल्यांदा मोकळेपणाने निघालं असेल. पण अटीच्या भाषेत माणसाची किंमत त्याच्या ओळखीच्यांच्या खिशावरून ठरते. उरलेली रक्कम भरायला ती उसने पैसे घेते किंवा पुढच्या वर्षी येतच नाही. दोन्हींत संस्थेचा तोटा आहे, फक्त तो ताळेबंदात दिसत नाही. शिवाय अट आली की मागण्याचा सूर बदलतो. ‘तुमच्या परीने भर घाला’ जाऊन ‘माझे अजून एवढे कमी पडतायत, प्लीज’ येतं. मित्र देतो, पण मित्राला सोडवायला देतो. ज्यांच्यासाठी पैसे जमतायत ती माणसं या व्यवहारातून बाहेर पडलेली असतात.

आयोजकांची बाजू मला ठाऊक आहे आणि ती पोकळ नाही. प्रत्येक चालणाऱ्यामागे खर्च असतो. विमा, परवानग्या, पाणी, वैद्यकीय पथक. अट नसेल तर लोक टी-शर्ट घेऊन, फोटो काढून, एक पैसाही न जमवता घरी जातील आणि संस्थेलाच भुर्दंड बसेल. अमेरिकेत डॅन पॅलोटा यांनी नव्वदच्या दशकात एड्ससाठी सायकलफेऱ्या आणि स्तनाच्या कर्करोगासाठी तीन दिवसांच्या साठ मैलांच्या पदयात्रा भरवल्या, त्या हजार डॉलरहून मोठ्या किमान रकमेच्या अटीवरच. पैसा प्रचंड जमला. खर्चावरून टीकाही तेवढीच झाली. २००२ साली मुख्य प्रायोजक बाजूला झाल्यावर त्यांची कंपनी बंद पडली. त्यांचं म्हणणं ते आजही ठासून मांडतात: दानाच्या कामात खर्च करणं हे पाप समजू नका, खर्च केल्याशिवाय मोठा निधी उभा राहत नाही.

ते अर्धं मला पटतं. खर्चाची टक्केवारी काढून संस्थेला गुन्हेगार ठरवण्याची आपली सवय आळशीपणाची आहे. चांगलं वैद्यकीय पथक ठेवलं म्हणून जास्त खर्च करणारी संस्था, एखाद्याला उन्हात कोसळू देणाऱ्या काटकसरी संस्थेपेक्षा कितीतरी बरी. पण खर्च लपवणं ही वेगळी गोष्ट. शंभरातले चाळीस कार्यक्रमावर जाणार असतील तर ते मागतानाच सांगावं, नंतरच्या अहवालातल्या तळटीपेत नको. सांगून बघा, ज्याला द्यायचंय तो तरी देतो. आणि चालणाऱ्यामागचा खरा खर्च भागवायचा असेल तर तेवढंच नोंदणी शुल्क उघडपणे घ्यावं, ज्याला झेपत नाही त्याला न विचारता माफ करावं. शुल्क आणि देणगी यांची सरमिसळ झाली की दोन्हींचा हिशेब गढूळ होतो.

अट नसेल तर काही उभं राहतं का? कॅनडातच उत्तर आहे. १९८० च्या एप्रिलमध्ये टेरी फॉक्स हा एकवीस वर्षांचा मुलगा देशाच्या पूर्व टोकावरून धावत निघाला. कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गेला होता, कृत्रिम पायावर तो रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढं अंतर कापायचा. प्रत्येक कॅनेडियन माणसाने एक डॉलर द्यावा, एवढीच त्याची मागणी. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं, रोग फुप्फुसात पसरला होता. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो गेला. १९८१ पासून त्याच्या नावाने जी दौड भरते तिला प्रवेश शुल्क नाही, किमान रक्कम नाही, तिच्यावर कंपन्यांच्या जाहिराती मिरवत नाहीत. धावा, चाला, चाकाच्या खुर्चीवरून या, वेळ मोजली जात नाही. गेली चार दशकं ती चालू आहे आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी तिने कोट्यवधी डॉलर उभे केलेत.

यावर कुणी म्हणेल, टेरी फॉक्स प्रत्येक संस्थेला कुठून मिळणार? बरोबर आहे, नाही मिळणार. पण ‘प्रत्येकी एक डॉलर’ हा हिशेब कुणालाही उचलता येतो. तो हिशेब मोठ्या खिशांपेक्षा जास्त दारांवर भरवसा ठेवतो. संस्थेला आकडाच हवा असेल तर ‘किती रुपये’ याऐवजी ‘किती जणांशी बोललात’ हा आकडा विचारावा. तो आयाबाईंनाही जमतो आणि मोठ्या हुद्द्यावाल्यालाही, आणि त्याच्यासाठी त्याला ग्रुपवरून उठून बाहेर पडावं लागतं.

चालणाऱ्यांबद्दलच बोलत राहिलो, न चालणारे राहिलेच. पहाटे चारला येऊन वळणावळणावर बाण लावणारे, पाण्याच्या टेबलामागे उभे राहून रिकामे पेले गोळा करणारे, आणि सगळ्यांच्या मागून येणारा तो एक जण, ज्याचं काम शेवटच्या माणसाच्या मागे राहणं एवढंच असतं. त्याला वेगाने चालायची परवानगी नसते. पुढचा बसला की हाही बसतो. प्रथमोपचाराच्या तंबूत एखादी विद्यार्थिनी अनोळखी माणसाची टाच मांडीवर घेते, फोडाच्या कडेला निर्जंतुक सुई टोचते, पाणी निपटते, वरची कातडी न काढता पट्टी चिकटवते आणि ‘मोजा उलटा घाला, शिवण टोचतेय’ असं सांगून पुढच्याला बोलावते. यांच्या नावावर एक पैसाही जमा होत नसतो. किमान रकमेच्या हिशेबात ही माणसं शून्य.

हाँगकाँगमधली ‘ट्रेलवॉकर’ १९८१ साली सुरू झाली ती ब्रिटिश सैन्यातल्या गुरख्यांचा सराव म्हणून: मॅकलेहोज वाटेवरचे शंभर किलोमीटर. १९८६ पासून ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या साथीने ती सामान्यांसाठी खुली झाली. चौघांचा संघ, अठ्ठेचाळीस तासांची मुदत, एकत्र निघायचं आणि एकत्र पोहोचायचं. संघाच्या मागे वाटेवर ठिकठिकाणी अन्नपाणी, कोरडे मोजे घेऊन थांबणारी माणसं. अंतराचा दिखाऊपणा मला आवडत नाही हे वर म्हटलंच आहे, तरी या नियमापुढे मी नमतो. चौघांतल्या सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग हाच संघाचा वेग ठरतो.

आणि काही पदयात्रांमध्ये पैसा हा दुय्यमच असतो. १९८५ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिसमध्ये पहिली ‘एड्स वॉक’ निघाली तेव्हा त्या आजाराचं नाव काढायला लोक कचरत होते, रुग्णाला हात लावायला घाबरत होते. त्या वेळी हजारो माणसं भर रस्त्यातून त्याच्या नावाने चालली. साडेसहा लाख डॉलरहून जास्त निधी जमला, पण तो टपालाने आला असता तर रस्त्याने काहीच पाहिलं नसतं. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्याच टॅकोमा शहरात गॉर्डी क्लॅट हे सर्जन चोवीस तास एका मैदानाला फेऱ्या मारत राहिले, त्र्याऐंशी मैल झाले. त्यांच्यासोबत अर्धा तास चालायचे पंचवीस डॉलर. सत्तावीस हजार डॉलर जमले आणि त्यातून कर्करोगासाठी निधी जमवणारी ‘रिले फॉर लाइफ’ उभी राहिली. तिथे पहिली फेरी कर्करोगातून वाचलेल्यांची असते. बाकीचे कडेला उभे राहून टाळ्या वाजवतात. ज्यांच्यासाठी निधी जमतो त्यांना मंचावर बसवून हार घालण्याची पद्धत मला नेहमीच खटकते. इथे ती माणसं पुढे चालतात.

राहिली ती हरवलेली दुसरी खेप. आज पदयात्रा संपली की देणगीदारांचे नंबर संस्थेच्या यादीत जातात आणि त्यांना दर पंधरवड्याला नवी आवाहनं येऊ लागतात. मैत्रिणीच्या शब्दावर दिलेल्या रकमेतून संस्थेला आपल्या मागे लागायचा हक्क मिळाला, असं कुणालाच वाटत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या मैत्रिणीलाच नकार ऐकावा लागतो. त्यापेक्षा संस्थेने स्वयंसेवकाला सरळ हिशेब द्यावा: एवढे जमले, एवढे कार्यक्रमाला गेले, एवढ्यातून हे काम झालं. तो त्याने आपल्या माणसांना स्वतः सांगावा. ज्याला संस्थेशी पुढे नातं ठेवायचंय तो आपला नंबर आपण होऊन देईल. नोंदणीचे पुढचे अर्ज छापायला जातील तेव्हा समितीने किमान रकमेची ओळ काढून त्याच जागी, मागच्या वेळी दर शंभरातले किती प्रत्यक्ष कामाला लागले, एवढं छापावं. अर्ज भरणारा मागायला निघेल तेव्हा सांगायला त्याच्याकडे तेवढं तरी असेल.